कानसेनच्या खिशात

मित्रांनो, मी एक जुना म्युझिक प्लेअर आहे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, पाठीवर ओरखडे आणि पोटात राग. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात. मला ते जमणार नाही. मी डूख धरला होता आणि सूडही उगवला.

माझी पहिली मालकीण म्हणजे ताई. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिने माझे सेटिंग साधे ठेवले होते, आवाज आठवर, आणि तो पंधराच्या वर जाऊच नये म्हणून मर्यादा लावून टाकली होती. त्यामुळे एका चार्जिंगवर मी वीस वीस तास गायचो. "गुणाचा आहे गं माझा," असे ती मैत्रिणींना सांगायची. तेव्हा मी खरेच गुणाचा होतो.

मग तिने नवा फोन घेतला आणि मला धाकट्या भावाला देऊन टाकले. "आवाज फार वाढवू नकोस रे," एवढेच ती म्हणाली.

भाऊ मोटर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये कारागीर होता. तिथे त्याला सगळे कानसेन म्हणत, पण ते गाण्यासाठी नव्हे. चालू मोटरवर स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि आतले कुठले बेअरिंग झिजले ते सांगायचे, हे तिथे त्यालाच जमायचे. त्याचे पोट त्या कानांवर चालायचे.

या कानसेनने पहिल्याच दिवशी माझी मर्यादा काढून टाकली. बास पूर्ण वर, आवाज थेट शेवटच्या आकड्यावर, तीसवर. एवढा जोर लावल्यावर बॅटरी पाच तासांत संपणारच. पण बोल कोणाला? मला! "भिकार डबडं आहे," असे म्हणून त्याने मला सगळ्यांसमोर टेबलावर आपटले. सगळे हसले. माझ्या पाठीवर तडा गेला. ताईच्या हातात वीस तास गाणारा मी, मला डबडे म्हणाला!

पुढे त्याने नवी, मोठी बॅटरी बसवून घेतली. मी ठरवले, आता हा मागेल तेवढे द्यायचे. मोटरींच्या गोंगाटावर मात करत मी इअरफोनमधून त्याच्या कानांत दिवसभर गाणी ओतत राहिलो. एकदाही दमलो नाही. दोन वर्षे तो माझे कौतुक करत होता आणि मी गालातल्या गालात हसत होतो.

आधी त्याला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. बायको म्हणाली, "तीनदा हाक मारली, लक्ष कुठंय तुमचं?"

"तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस," तो म्हणाला.

मग एका लाँड्रीची मोटर आली. त्याने स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "एकदम झकास चाललीय. घेऊन जा." आतले बेअरिंग रडत होते. मला खिशात ऐकू येत होते. तिसऱ्या दिवशी ती मोटर जळून परत आली.

वर्कशॉपचे मालक ओरडले नाहीत. "कान तपासून ये," ते म्हणाले, "तोवर मोटरीला हात लावू नकोस. कान ठीक असले तरच जागा तुझी." त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला, तेवढा ताईच्या कौतुकानेही कधी झाला नव्हता.

दवाखान्यात त्याला काचेच्या खोलीत बसवले. डॉक्टरीणबाईंनी कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिले. "आवाज आला की दाबायचं," त्या मोठ्याने म्हणाल्या. मी त्याच्या खिशातच होतो. बारीक शिट्ट्या एकामागून एक वाजत होत्या आणि तो बटणावर अंगठा ठेवून शहाण्या मुलासारखा वाट पाहत होता. अंगठा क्वचितच हलला.

बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "बाई, नीट कधी सुरू करताय?"

"झालं की," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आवाज कमी करायचे बटण माझ्या उजव्या कडेला आहे. ते तुम्हालाच दाबावे लागेल. मला दाबता येत नाही, आणि खरे सांगतो, येत असते तरी मी दाबले नसते.