बावीस रेघा

आरोही उत्तरं येत असूनही कोरी सोडते, हे कळायला मला आठवडा लागला. इतकी वर्षं शिकवूनही माझी खोड जात नाही. लेकराला जमलं नाही की मी तेच गणित पुन्हा समजावत बसतो.

निवृत्तीनंतर शिरड शहापूरला माझ्या ओसरीवर सहा पोरं शिकायला येतात. पाचवीतली आरोही त्यांत सगळ्यांत चलाख. निवासी शाळेची प्रवेश परीक्षा दीड महिन्यावर आली होती आणि सरावाच्या पेपरात हिचे उत्तरांचे अर्धे गोल रिकामे. मग एके दिवशी तीच गणितं ती शेजारी बसणाऱ्या साक्षीला झरझर समजावताना मी ऐकली.

"मग तू काहून सोडलीस गं?"

तिनं बराच वेळ पेन्सिलीला टोक काढलं. "पास झाले तर तिकडंच राहावं लागंल. आज्याचं इंजेक्शन कोण भरंल?"

तिचे आईवडील पुण्याला कामाला. आजोबा दगडोबांना साखरेचा आजार. सकाळी सिरिंजवरच्या बावीस रेघा औषध, संध्याकाळी चौदा. ते आकडे वाचणारी घरात ती एकटीच. आजी सोजराबाई शाळेत कधी गेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो.

"सोजराबाई, उद्यापासून तुम्ही बी ओसरीवर यायचं."

"मी? गुरुजी, ऊन लागलं का तुमाला?"

"जाय की," खाटेवरून दगडोबा म्हणाले. "फक्त परीक्षा माझ्यावर देऊ नको. आधी वांग्यावर दे."

आरोहीसाठी आहे हे कळल्यावर सोजराबाई आल्या. पण फळ्यावरचे आकडे बघितले की त्यांचा चेहरा उतरायचा. तीन दिवस काहीच जमेना. चौथ्या दिवशी त्यांनी पोरांसाठी ओटीतून बोरं आणली आणि विसाविसाचे ढीग लावून मोजली. मी सिरिंज पुढं केली.

"ही नळी म्हणजे असे दोन ढीग. मधला हा आकडा दिसतो? इथं पहिला ढीग पुरा."

त्यांनी नळी डोळ्यांपाशी धरली. "मंग बावीस म्हंजे ढिगावर दोन बोरं?"

"बराबर."

"मंग हे आधी नाही का सांगायचं!"

पुढचे पंधरा दिवस त्यांनी पाणी भरून भरून गावातली वांगी टोचली. नंतर आठवडाभर घरी आजी औषध भरायची आणि आरोही हात पाठीमागं बांधून बघायची. एकदाही चूक निघाली नाही. तरी पोरीचा धीर होईना.

परीक्षेच्या दिवशी आम्हाला पहाटेच्या एसटीनं निघावं लागलं. आजीची ही पहिलीच एकटीची वेळ. केंद्राच्या फाटकाशी पोचलो तरी आरोही आत जाईना. मी फोन लावून तिच्या हातात दिला.

"आजे, भरलं?"

"भरलं. ढिगावर दोन. म्हातारं भाकर खाऊन राहिलं. तू काहून भायेर उभी? जाय आत!"

ती गेली.

दुपारी बाहेर आली तेव्हा बोटं पेनानं निळी झाली होती. "गुरुजी, एक बी गोल कोरा न्हाई." आणि लगेच, "फोन द्या ना."

"आजे, सांजचं—"

"चौदा!" पलीकडून सोजराबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "मला येतंय. तू काही खाल्लंस का न्हाई, ते सांग."