शिओगाताच्या मैदानाला आलेला संशय

मी शिओगाताचं फुटबॉल मैदान बोलतोय. पण जरा थांबा, आधी तुम्ही कोण ते सांगा. खिशात मोजायची फीत नाही ना? गळ्यात कुठल्या कंपनीचं ओळखपत्र? नाही? बरं, मग बसा. त्या खांबाला तेवढं टेकू नका. तो गंजलाय, कोट खराब होईल, आणि मग तुम्हीही म्हणाल की हे पाडायलाच हवं.

रागावू नका. माझा स्वभावच संशयी आहे, आणि तो जन्मापासूनचा. समुद्राकाठच्या जुन्या मिठागरावर, प्रांताच्या क्रीडामेळ्यासाठी मला बांधलं. पहिली कुदळ पडण्याआधी पांढऱ्या झग्यातला पुजारी आला. त्याने चार कोपऱ्यांत हिरवे बांबू रोवले, तांदळाची दारू शिंपडली आणि जमिनीची माफी मागितली. तेव्हा मी साधा खड्डाही नव्हतो, तरी माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याची इतक्या गोडीने आधीच माफी मागतात, त्याचं पुढे हे लोक करणार तरी काय?

तसं काही वाईट झालं नाही. मेळा झाला, धावपटू धावले, झेंडे उतरले. मग कित्येक वर्षं मी शाळांच्या शर्यती आणि म्हाताऱ्यांचा सकाळचा व्यायाम यांवर दिवस काढले. पुढे मासळीच्या कारखान्यातल्या कामगारांचा एक संघ माझ्या गवतावर खेळायला लागला. त्याचा क्लब झाला, आणि बंदरावर दिवसभर कलकलाट करणाऱ्या समुद्रपक्ष्यांवरून त्याला ‘शिओगाता उमिनेको’ असं नाव पडलं. मला वाटलं, भाडेकरू आहे, आज ना उद्या जाईल. तो गेला नाही. मीच त्याचं घर होऊन बसलो.

माझ्या पश्चिमेच्या बाजूला छप्पर आहे. तिथे पाहुणे, पैसेवाले आणि थर्मासमधून चहा आणणारे एक आजोबा बसतात. पूर्वेला नुसत्या काँक्रीटच्या पायऱ्या. पाऊस, बर्फ, खारा वारा, सगळं थेट अंगावर. आणि जिवाला जीव देणारे उमिनेकोवाले नेमके तिथेच उभे राहतात.

त्यांचा म्होरक्या म्हणजे इसामु काझामा. बंदराजवळ त्याचं मासळीचं दुकान आहे. सामन्याच्या दिवशी तो मैदानाकडे पाठ करून उभा राहतो, तोंड लोकांकडे आणि पुढ्यात ढोल. एवढ्या वर्षांत या माणसाने घरच्या मैदानावरचा एक गोल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही. लोकांच्या चेहऱ्यांवरून त्याला कळतं, काय झालं ते. त्याची बायको सानाए दाराशी माशाच्या रश्श्याचा ठेला लावते, आणि तिच्या जिभेची धार त्याच्या सुरीपेक्षा जास्त आहे.

ही माणसं मार्चमध्ये पहिल्या सामन्याआधी फावडी घेऊन येतात आणि माझ्या अंगावरचं बर्फ काढतात. सामना संपला की पिशव्या घेऊन आपापला कचरा उचलतात, हरले तरी. सुरुवातीला मला याचासुद्धा संशय यायचा. हे पुरावा तर मिटवत नाहीत ना? पुढे सवय झाली. त्यांच्या पायांचीही झाली. ढोल वाजायला लागला की पूर्वेच्या पायऱ्या दणदणायच्या, आणि मला ते आवडायचं, हे उघडच सांगतो.

यंदा मात्र विपरीतच घडलं. संघ जिंकायला लागला.

आम्ही तिसऱ्या गटातले. जिंकण्याची आम्हाला फार सवय नाही. निरासावा नावाचा उंच, मुखदुर्बळ आघाडीचा खेळाडू दर शनिवारी गोल मारू लागला, आणि गावातले लोक दुकानांच्या काचांवर क्लबची निळी निशाणं लावू लागले. खुशीत नव्हते ते फक्त क्लबच्या ऑफिसातले. सामना जिंकला की ते टाळ्या वाजवायचे आणि मग माझ्या उघड्या पायऱ्यांकडे बघून एकमेकांच्या कानाला लागायचे. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मुरत होतंच. दुसऱ्या गटात चढायचं तर प्रेक्षकांच्या डोक्यावर पुरेसं छप्पर हवं, असा नियम. माझं छप्पर त्यात बसत नाही. बोगद्यापलीकडच्या मित्सुहारा शहरात महामार्गाला लागून नवं मैदान उभं राहतंय, तिथे सगळं आहे. संघ वर चढला की तिकडे जाणार. क्लबच्या नावातून शिओगाता जाऊन मित्सुहारा येणार. आणि माझ्या जागी गाड्या उभ्या करायचा तळ होणार.

ही कुजबुज माझ्या कानावर आली, मग गावातही पोचली, आणि तेव्हापासून मला प्रत्येक विजयाचा संशय यायला लागला. निरासावाने गोल मारला की पूर्वेचे लोक एकमेकांच्या गळ्यात पडायचे, आणि मी मनात म्हणायचो, नाचा, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन नाचा.

मग मिठाई आली. इथे घर पाडायचं असो की रस्ता खणायचा, आधी शेजाऱ्यांकडे डबा जातो. ‘त्रास होईल, सांभाळून घ्या.’ डबा घेतला की शेजाऱ्याचं तोंड बंद. क्लबचे प्रमुख तोकुनागा-सान, चांदीच्या काड्यांचा चष्मा लावणारे एक हळुबोले गृहस्थ, एका शनिवारी दाराशी आले आणि त्यांनी इसामुपुढे सुबक बांधलेला डबा धरला. इसामुने तो दोन्ही हातांनी घेतला. वाकून आभारही मानले.

सानाए ठेल्यावरून बघत होती. तोकुनागा-सान आत गेले आणि तिने पळी खाली ठेवली.

“कसला डबा?”

“क्लबने दिला. मोची आहे, तांदळाच्या पिठाची, पुरण भरलेली.”

“कशाबद्दल?”

“पुढे थोडा त्रास होईल, म्हणाले.”

“कसला त्रास, ते विचारलंत?”

“असं कसं विचारणार? माणूस एवढा वाकून उभा आहे.”

“धन्य आहे! बाजारात एका बांगड्यासाठी तासभर हुज्जत घालता, आणि इथे अख्खा क्लब गावातून चाललाय तर मोची खाऊन गप्प!”

“हळू बोल. लोक ऐकतील.”

“ऐकू देत की! तुम्ही नाही तर कुणीतरी ऐकलेलं बरं.”

त्याने डबा काखेत मारला आणि पायऱ्या चढून गेला. मी मात्र त्या दिवशी त्याचं नाव माझ्या संशयितांत घातलं. हा फितूर झाला, मोचीच्या डब्यात विकला गेला, असं मला वाटलं. त्या शनिवारी त्याचा ढोलसुद्धा मला खोटा वाटला.

उन्हाळ्यात माझ्या पश्चिम बाजूखालच्या खोलीत क्लबने सभा बोलावली. तोकुनागा-सानांनी पडद्यावर नव्या मैदानाची चित्रं दाखवली. चित्रातली माणसं फार हसत होती. शेवटी त्यांनी विचारलं, “कुणाला काही शंका?”

एकाने छताकडे पाहिलं. एकीने पदार्थाची कृती आठवत असावी तसे डोळे मिटले. तीन हजार लोकांना एका काठीवर नाचवणारा इसामु बुटाच्या नाडीकडे बघत मिठाची गुळणी धरून बसला. मग सगळ्यांनी आभार मानले, आपापल्या खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या आणि बाहेर पडले.

बाहेर शीतपेयांच्या यंत्रापाशी मात्र सगळ्यांना कंठ फुटला.

“मित्सुहाराला कोण जाणार? तिथून परतीची शेवटची बस सहाला सुटते.”

“मग बोलला का नाहीत?”

“मी आधी कसा बोलणार? तुम्ही बोलला असतात तर मी मान डोलावली असती.”

“मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना हवंच आहे. उगीच आपण कशाला विरजण घाला!”

आणि त्याच वेळी आत तोकुनागा-सान आपल्या मदतनिसाला सांगत होते, “कुणीतरी नको म्हणेल असं वाटलं होतं मला. एकाने जरी म्हटलं असतं तरी इथे पूर्वेला छप्पर घालायची गोष्ट मी नगरपालिकेत काढली असती. पण लोकांचीच इच्छा आहे म्हटल्यावर मी कोण अडवणारा?”

भिंतीला कान असतात म्हणतात. असतात, मी सांगतो तुम्हाला. तोंड नसतं. एका भिंतीच्या अलीकडे हे, पलीकडे ते, आणि मधे मी. मला ओरडावंसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मला तोकुनागा-सानांच्याही बोलण्याचा संशय आला. खरंच त्यांना मी हवा होतो, की नंतर सांगायला एक वाक्य हवं होतं? अजून नक्की सांगता येत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीला घरचा शेवटचा सामना आला. जिंकलो तर वरच्या गटात, बरोबरी झाली तर आहोत तिथेच. गारा पडत होत्या. शेवटची काही मिनिटं उरली तरी गोलफलकावर एक-एक.

मी सामना बघतच नव्हतो. मी इसामुचे हात बघत होतो. त्याला सगळं माहीत होतं. अजून एक गोल झाला की संघ गावातून गेला. लोक थकले होते, थंडीने कुडकुडत होते. त्याने ढोल थोडा सैल सोडला असता तरी कुणी त्याला दोष दिला नसता. आणि मी, काय लपवू, मनातून म्हणत होतो, सोड रे, सोड.

त्याने सोडला नाही. दात-ओठ खाऊन, बोटं सोलवटून वाजवत राहिला. गालांवरून पाणी वाहत होतं, ते गारांचं नव्हतं. सानाए ठेला तसाच टाकून पायऱ्या चढून वर आली होती, आणि तीही ओरडत होती. मग त्याच्या पाठीमागे निरासावाने डोक्याने चेंडू आत ढकलला. इसामुने ते समोरच्या बायकोच्या चेहऱ्यावर पाहिलं. ती हसत होती आणि रडत होती.

माझ्या पूर्वेच्या पायऱ्या अशा दणाणल्या नव्हत्या कधी. इसामु फितूर नव्हता, एवढं मला तेव्हा कळलं. माझ्याशी नव्हता, संघाशीही नव्हता. मला त्याची लाज वाटली नाही, माझीच वाटली.

आज डिसेंबरातला रविवार. दुपारी त्याच खोलीत क्लबने पुन्हा सभा बोलावली. या वेळी खुर्च्या कमी पडल्या. तोकुनागा-सानांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, नव्या मैदानाच्या तारखा सांगितल्या, आणि चष्मा पुसत विचारलं, “कुणाला काही शंका?”

पुन्हा तेच. छत, डोळे, नाड्या. मी म्हटलं, संपलं. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात.

मग सानाएने नवऱ्याच्या बरगडीत कोपर खुपसलं. तो उभा राहिला. कान लाल झालेले.

“शंका नाही,” तो म्हणाला. आवाज असा फुटला की मला तो ओळखूच आला नाही. “शंका काही नाही. मला नकोय. मित्सुहारा नकोय. मी डबा घेतला, चूक झाली. मोची चांगली होती. पण मला नकोय.”

कुणीतरी फिसकन हसलं. आणि मागून एक बाई म्हणाली, “मलाही नकोय.” मग एक कोळी म्हणाला. मग थर्मासवाले आजोबा म्हणाले, “मी छपराखाली बसतो, पण पूर्वेलाही छप्पर घाला. वर्गणी काढू. माझी पहिली.” मग कोण कोण बोललं ते मलाही कळेना.

तोकुनागा-सान बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “आपण यावर विचार करू.”

इथे विचार करू म्हणजे नाही. लहान पोरालाही कळतं ते. माणसं वाकली, त्यांनी आभार मानले, आणि सवयीने उठून खुर्च्यांच्या घड्या करायला लागली. मी डोळे मिटले.

“खुर्च्या ठेवा,” इसामु म्हणाला. “बसा सगळे. त्यांना विचार करायचाय ना? करू देत. आपण थांबू.”

इथे असं कुणी करत नाही. दिवे मालवायला आलेला माणूस दारातच अवघडून उभा राहिला. एक खुर्ची उघडली. मग दुसरी. मग सगळ्या. सानाएने टोपलीतून भाताचे गोळे काढले आणि पुढे फिरवले. तोकुनागा-सान मदतनिसाला म्हणाले, “नगरपालिकेत फोन लाव.”

“साहेब, आज रविवार.”

“मग महापौरांच्या घरी लाव.”

त्यांनी कोट काढला, एक खुर्ची ओढली आणि लोकांसमोर बसले. भाताचा एक गोळाही घेतला.

तर सध्या ते सगळे आत बसले आहेत. फोन लागलाय, पण पलीकडून काय बोलतायत ते मला ऐकू येत नाही. म्हणून तुम्हाला विनंती आहे, जरा हळू बोला, आणि आत डोकावायचं तर पाय न वाजवता डोकावा. या माणसांचा भरवसा नाही. एकाने घड्याळ पाहिलं की सगळे उठतील, वाकतील, घरी जातील. कुणी नुसतं हललं तरी माझा पाया हादरतो.

तो बघा, आजोबा उठले. टोपी घातली. दाराकडे निघाले. मला वाटलंच होतं. माहीतच होतं मला!

दार लावून घेतलं त्यांनी. गार वारा येत होता आत. आणि आता परत जाऊन आपल्या खुर्चीवर बसतायत.