असन बा

आमच्या वर्ध्याकडे ‘असन बा’ म्हणजे नाही. समोरच्याचं मन मोडायचं नसतं, म्हणून माणूस ‘असन बा’ म्हणतो आणि विषय संपवतो. पुण्याहून आलेल्या सरांना हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं.

“असन म्हणजे असेल. असेल म्हणजे सहमत. चार टाका, सुरभी.”

कटकारस्थानांवर लोकांचा किती विश्वास आहे, हे सर मोजत होते. एक ते पाच गुण. हिंगणीजवळच्या एका गावात मी घरोघरी फॉर्म भरत फिरले. लशीतून चिप टाकतात का? असन बा. चार. माणूस चंद्रावर गेलाच नाही का? असन बा. चार. अख्खं गाव माझ्या हातानं येडं ठरत होतं आणि घरी आई सांगत होती, पोरगी संशोधनात आहे.

भागीरथाबाई तेवढी ‘असन’ म्हणाली नाही. मोठे लोक संगनमत करून सामान्यांपासून काही लपवतात का, असं विचारलं तर उसळलीच.

“लपवून राह्यले ना! रंगाच्या कारखान्याचं पानी नाल्यात सोडते, ते आमच्या विहिरीत झिरपते. माह्या पोरीच्या, अंजूच्या हातापायाले जखमा झाल्या. अन् हे म्हन्ते पानी साफ हाय.”

तिनं स्वतःच्या नावाचा प्रयोगशाळेचा कागद काढला. पाणी पिण्यालायक नाही, असं त्यावर स्पष्ट छापलं होतं.

“एकच हाय, पोरी. फारमाले जोडजो. मोठ्या मान्साले दाखवजो.”

मी पाच टाकले आणि कागद सरांपुढे ठेवला. “सर, हे कारस्थान तर खरंच आहे.”

“खरं-खोटं पाहणं आपला विषय नाही. आपण फक्त विश्वास मोजतो.” फॉर्मसोबत कुणाचं नाव राहता कामा नये, असा नियम होता. सर नियमाचे पक्के. त्यांनी कागद फाडला, तुकडे मी टोपलीत टाकले.

चार महिन्यांनी वर्ध्याला सुनावणी झाली; सरांना बोलावलं होतं, सोबत मीही गेले. विहीर बंद करून गावाला टँकर द्यायचा की नाही, ते तिथं ठरणार होतं. कारखान्याच्या वकिलानं सरांचाच अहवाल वाचून दाखवला: हे गाव कशावरही विश्वास ठेवतं.

भागीरथाबाई ताडकन उठली. “कागद या पोरीपाशी देल्ला होता. इचारा तिले.”

अधिकाऱ्यानं विचारलं, “दिला होता का?”

सर शेजारीच बसले होते. त्यांच्या पुढच्या प्रकल्पात माझं नाव पक्कं झालं होतं. मला लाज वाटली, खरंच वाटली. तरी तोंडातून निघालं ते हेच.

“असन बा.”

सर दचकले. त्यांच्या हिशेबात ते चार होते. भागीरथाबाई मात्र खाली बसली.

अधिकारी आमच्याच सेलूकडचा होता. त्यानं बरोबर लिहून घेतलं: नाही.