शोकघरातली सुपारी

नवऱ्याला, सेमेसेला, पुरून आले तरी मिरियाला रडू आलं नव्हतं. अंगणात ताडपत्री ठोकली होती. तिच्याखाली गावाकडची, केरेमाची सगळी माणसं गोळा झाली होती, चुलीवर भात आणि डब्यातली मासळी शिजत होती. नव्हती ती फक्त सुपारी. आता सुपारीशिवाय शोकघर म्हणजे काय, माणसं नुसती एकमेकांची तोंडं बघत बसलेली. म्हाताऱ्या तर चुन्याच्या डब्या उघडून वाट बघत होत्या.

आणि सेमेसे गेला तोही सुपारीपायीच. मोरेस्बी शहरात सुपारी विकायला बंदी, रस्त्यावर तपासणीचा नाका, म्हणून तो होडीत पोती भरून समुद्रावरून आणायचा आणि मिरिया घरामागे विकायची. बंदी आल्यापासून भाव तिप्पट झाला, खाणारा मात्र एकही कमी झाला नाही. बंदी घालणारे साहेबसुद्धा माणूस पाठवून न्यायचे, मेले! या फेरीला वारा उलटला. प्रेत किनाऱ्याला लागलं, होडी सापडली नाही.

“वहिनी, मी कुणाची तरी होडी मागून आज निघतो,” धाकटा दीर होइरी म्हणाला. “दादाच्या शोकात लोकांनी कोरड्या तोंडानं बसायचं? नाक कापलं जाईल आपलं.”

“कापू दे. तुम्ही जायचं नाही.”

“आणि पुढं? पोरांना काय घालणार आहेस, वाळू?”

हा गेला तर कदाचित पुन्हा ताडपत्री ठोकावी लागेल, एवढं मिरियाला कळत होतं. पण भीतीसुद्धा वाटत नव्हती. हातपाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तशी ती बसून होती.

तेवढ्यात वरच्या गल्लीतला कौपा आला. नाक्यावरचा पहारेकरी. त्यानं टोपी काढली आणि खांद्यावरचं पोतं तिच्यापुढे ठेवलं.

“माझ्याकडून, वहिनी. सेमेसे चांगला माणूस होता.”

“अगं बाई, सुपारी!” म्हाताऱ्यांना वासावरूनच कळलं.

“कुठून आणलीस?” होइरीनं विचारलं.

“जप्तीची. दुसरी कुठून असणार?”

“रस्त्यानं आणलीस?” मिरिया म्हणाली.

“हो, गाडीतनं.”

“कुणी अडवलं नाही?”

कौपा ओशाळून हसला. “मला कोण अडवणार, वहिनी? अडवणारा मीच.”

होइरीची मूठ वळली. मग एका म्हातारीनं पोत्यात हात घातला, आणि मग सगळ्यांनीच. तोंडं लाल झाली, जिभा सुटल्या, सेमेसेच्या नावानं खरंखुरं रडणं सुरू झालं. होइरीनंही एक सुपारी उचलली. मिरियाच्या हातात कुणीतरी एक ठेवली. ती चावत राहिली, चव लागेना. कौपाच्या तोंडावर थुंकायला हवं होतं. तिनं आपला राग शोधून पाहिला, सापडला नाही.

ती उठली आणि कौपाला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेली.

“अशी जप्तीची पोती नेहमी बाहेर निघतात?”

“निघतात की.”

“मग बाहेर विकतोस ती मला देत जा. भाव सांग.”

कौपानं खाली बघत भाव सांगितला.

“कमी कर,” मिरिया म्हणाली. “तुला होडी लागत नाही.”

तो कबूल झाला. ती ताडपत्रीखाली परत आली आणि दिराशेजारी बसली.

“भावजी, तुम्ही जायचं नाही,” ती म्हणाली. “सुपारी आता रस्त्यानं येईल.”