घड्याळाची पाठ

"नाही ताई, हे काम मी करत नाही," असं म्हणून महिपतनं ताट उलटंच परत सरकवलं.

मीराबाई दुकानाच्या पायरीवरून हलल्या नाहीत. ताट जाड स्टीलचं होतं आणि पाठीवर टपोऱ्या अक्षरांत नाव होतं : 'सौ. शालू काळुराम भोईर यांजकडून'. शालू म्हणजे मीराबाईंची नणंद. तिच्याशी जमिनीवरून बिनसलं होतं आणि बोलणं बंद होतं. ताटाचा मात्र काही गुन्हा नव्हता. कुणाच्या तरी वास्तुशांतीला ते सहज खपलं असतं, फक्त शालूचं नाव तेवढं नडत होतं.

"दोन मिनिटांचं काम ओ. घासून टाका. फुकट नाय सांगत मी."

"फुकटाचा प्रश्न नाही. नवीन नाव सांगा, कडेला घालून देतो. देणाऱ्याचं नाव मी काढत नाही. अडतीस वर्षांत काढलेलं नाही."

"मोठे आले हरिश्चंद्र," असं म्हणून मीराबाईंनी ताट पिशवीत कोंबलं आणि त्या भाजीबाजाराकडे वळल्या.

महिपत सणस भोर तालुक्यातून विशीत डोंबिवलीला आला आणि पूर्वेच्या एका भांड्यांच्या दुकानाबाहेर टेबल टाकून बसला, तो बसलाच. अर्ध्या डोंबिवलीच्या हंड्याकळशांवर त्याचं अक्षर होतं. लग्नं त्याच्या हाताखालून गेली, मुंजी गेल्या, बारशाच्या वाट्या गेल्या. आता लोक पाकीट देतात, नाहीतर चकचकीत खोका. दिवसाला चार नावं आली तरी भरपूर. आणि गंमत अशी, की त्याच्या स्वतःच्या घरातल्या एकाही भांड्यावर नाव नव्हतं. कलावतीनं लग्नानंतर दोनचार वर्षं आठवण करून दिली. "आपली भांडी कोण चोरतंय?" असं तो म्हणायचा. पुढं तिनं विचारणं सोडून दिलं. पण देणाऱ्याचं नाव न काढण्याचा नियम त्यानं कधी मोडला नाही. गरिबालाही एखादा ताठा लागतो, महिपतकडे हा होता.

त्या वर्षी ज्येष्ठाच्या आधी अधिक महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा धोंड्याचा महिना पुण्याचा म्हणतात. जावयाला जेवायला बोलवायचं, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि वर काहीतरी भेट. पुण्य कुणाला लागतं कोण जाणे, सासऱ्याचं कंबरडं मात्र नक्की मोडतं. ऐश्वर्याच्या लग्नानंतरचा हा पहिला धोंडा. ठाण्याला घोडबंदरच्या बाजूला एकोणिसाव्या मजल्यावर तिचं सासर होतं. पंधरा दिवस आधी तिचा फोन आला.

"पप्पा, मोठ्या वहिनींच्या माहेरून मागच्या धोंड्याला स्कूटर आलेली. अजून सांगत असतात सगळ्यांना. तुम्ही वाटी-चमचा द्याल, मग मी तोंड कुठं लपवू?"

"जावईबापूंना काय आवडतं?"

"घड्याळ. फोटो पाठवलाय. त्याचंच नवीन व्हर्जन आलंय, तेच घ्या. जुनं पण मिळतं अजून, ते नको हां. नीट लक्षात ठेवा."

सर्वेशचं घड्याळांचं वेड महिपतला ठाऊक होतं. दिवाळसणाला जावयानं त्याच्या मनगटाकडे बघून विचारलं होतं, "पप्पा, हे चालतं अजून?" आणि उत्तराची वाट न बघता तो फोनमध्ये गेला होता. महिपतला ते लागलं होतं. फोटोतलं घड्याळ स्विस होतं. किंमत ऐकल्यावर कलावती मोरीत गेली, हाताला साबण लावला आणि सत्तावीस वर्षांच्या पाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या.

"पोरीला तिथं मान मिळू दे," ती म्हणाली.

ठाण्याच्या घड्याळांच्या शोरूममध्ये इतका गारवा होता, की महिपतला घामाची लाज वाटली. दर्शना नावाची काळ्या कोटातली मुलगी समोर आली. तिनं आधी पांढरे हातमोजे दिले. आयुष्यभर धातू हाताळलेल्या माणसानं मुकाट्यानं हातमोजे घातले. मग तिनं मखमली ताटलीत दोन घड्याळं शेजारीशेजारी ठेवली.

"हे नवीन व्हर्जन, काका. आणि हा जुन्याचा शेवटचा पीस. दिसायला सेमच वाटतात, पण नव्यात काटे बारीक केलेत आणि तारीख काढलीये."

"तारीख का काढली?"

"आता फोनमध्ये असते ना. डायल क्लीन दिसतो."

महिपतनं दोन्ही घड्याळं उलटी केली. अडतीस वर्षांत त्यानं कुठलीही वस्तू आधी पुढून बघितलेली नव्हती. नव्याच्या पाठीला काच होती. आत बारीक सोनेरी चाक हेलकावे खात होतं, दाते दात्यांत जात होते. सुंदरच होतं ते, नाही म्हणायला जागा नव्हती. जुन्याची पाठ साधी होती. सपाट, घट्ट, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं कोरं स्टील.

"ह्यात मशीन दिसतं," दर्शना नव्याकडे बोट करून म्हणाली. "लोक ह्यासाठीच घेतात."

"पण मग नाव कुठं घालायचं?"

"नाव?"

त्यानं समजावून सांगितलं. ती हसली, पण वाईट हसली नाही. टिटवाळ्याला तिच्या घरी हंड्यावर आईचं नाव होतं म्हणे. मग तिनं आवाज खाली आणला. "काका, एकदा काही कोरलं की आम्ही परत घेत नाही. बदलून पण मिळत नाही. घरी विचारून घ्या एकदा."

फोन खिशातच होता. महिपतनं तो काढला नाही, कारण ऐश्वर्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं. तो उभा राहिला, एकदा काचेत बघितलं, एकदा स्टीलवरून अंगठा फिरवला. पैसे टाकून आणलेली वस्तू कुणीही देतं. तिच्यावर आपल्या हातानं कोरून दुसरं कोण देणार होतं? स्कूटरवर नाव घालता येतं का? ह्या विचारानं त्याला इतकं बरं वाटलं, की तो दर्शनाला म्हणाला, "परत कोण करतंय पोरी, हेच दे."

कोरायच्या यंत्राच्या थरथरीनं घड्याळ बिघडेल म्हणून त्यानं हातानं कोरायचं ठरवलं. सगळ्यांत बारीक छिन्नी बाहेर काढली. तीन सकाळी कामावर जायच्या आधी खिडकीशी बसला, डोळ्याला भिंग लावून, घड्याळ मऊ कापडात धरून. दोन गोल ओळी झाल्या : 'चि. सर्वेश यांस प्रथम अधिकमासानिमित्त सप्रेम भेट. सौ. कलावती व श्री. महिपत सणस, डोंबिवली.' एवढ्याशा जागेत एकही काना तिरका गेला नाही. आयुष्यात त्यानं याहून चांगलं काम केलं नव्हतं, आणि ते त्याला कळतही होतं.

कलावतीनं अनारसे तळता तळता चष्मा लावून वाचलं.

"माझं आधी घातलंत?"

"पाटल्या तुझ्या ना."

ती बराच वेळ घड्याळाची पाठच बघत राहिली. त्या नादात कढईतला अनारसा हसला, म्हणजे तुपात पसरून वाया गेला. एरवी तिनं कपाळाला हात लावला असता. त्या दिवशी तो तिनं झाऱ्यानं काढून टाकला आणि दुसरा सोडला.

रविवारी जावई आला. पाटावर बसला, ओवाळून घेतलं, अनारशांचं ताट मांडीजवळ घेतलं. कलावतीनं नवी साडी नेसली होती आणि मोकळ्या हातांत काचेच्या बांगड्या जरा जास्तच भरल्या होत्या. ऐश्वर्यानं त्या बघितल्या, पण पाटल्यांचं काही विचारलं नाही. तिचं लक्ष खोक्याकडे होतं.

सर्वेशनं खोका उघडला. त्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग तसाच थांबला.

"तारीख आहे," तो म्हणाला. मग बायकोकडे बघून, "जुनं व्हर्जन आहे हे."

"पप्पा, मी नवीनच सांगितलेलं ना तुम्हाला? दोनदा सांगितलेलं."

महिपत हसत होता. ह्याच क्षणासाठी तर सगळा खटाटोप होता. "मागं बघा, जावईबापू."

सर्वेशनं घड्याळ उलटं केलं. डोळे बारीक करून तो मोठ्यानं वाचायला लागला, लग्नपत्रिका वाचावी तसा. "चिरंजीव सर्वेश यांस… प्रथम अधिकमासानिमित्त… सप्रेम भेट…" 'डोंबिवली'पाशी आल्यावर त्याला हसू आवरेना.

"पप्पा, पिनकोड राहिला."

त्यानं फोन काढून घड्याळाच्या पाठीचा फोटो घेतला. "दादाला पाठवतो. त्याला आवडेल हे." मिनिटाभरात उत्तर आलं. ते त्यानं ऐश्वर्याला दाखवलं. ऐश्वर्यानं ओठ दाबले, पण हसू फुटलंच. जावई परका, त्याचं हसणं गिळता येतं. पोरीचं कसं गिळायचं?

"म्हणजे आता बदलून पण मिळणार नाही," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. "त्या घरात काय सांगू मी?"

जेवण मात्र व्यवस्थित झालं. जावयानं पुरणाचे चार धोंडे तुपात बुडवून खाल्ले आणि कलावतीच्या हाताची तारीफ केली. बडीशेप चघळत त्यानं घड्याळ पुन्हा उजेडात धरलं.

"अक्षर भारी आहे हां पण तुमचं, पप्पा. एक काम करा. 'सर्वेश' तेवढं राहू दे. कस्टम केल्यासारखं वाटतं. बाकीचं काढून टाका, मग ऑफिसला तरी घालता येईल. निघतं ना ते?"

"निघतं," महिपत म्हणाला. खोटं बोलता आलं असतं, पण सुचलं नाही. "पण देणाऱ्याचं नाव मी…"

"पप्पा, प्लीज," ऐश्वर्या मध्येच म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "आता इश्यू करू नका. तुमचं काय, तुम्ही इथं डोंबिवलीत. मला त्या घरात राहायचंय."

ती बोलली ते खरं होतं, आणि खऱ्यापुढं माणसाचं काही चालत नाही. महिपत उठला. ट्रंकेखालून डबा काढला, बारीक पॉलिश पेपर काढला, मऊ कापड काढलं आणि खिडकीशी बसला. सर्वेश सोफ्यावर पाय पसरून मॅच बघत होता. आभाळ भरून येऊन उजेड कमी पडायला लागला तशी ऐश्वर्या फोनचा टॉर्च धरून शेजारी उभी राहिली. लहानपणी ती अशीच उभी राहायची, पप्पांचं अक्षर कसं उमटतं ते बघायला.

कोरताना ज्या क्रमानं गेला होता त्याच क्रमानं तो काढत गेला. 'चि.' गेलं. 'सर्वेश'ला वळसा घालून तो पुढं सरकला. 'प्रथम' गेलं, 'सप्रेम' गेलं. मग 'सौ. कलावती' आली. हात जरासा थरथरला असता तर शेजारच्या अक्षराला ओरखडा गेला असता. पण थरथरला नाही, इतका तो हात तयार झालेला होता. स्वयंपाकघरात कलावती अनारसे डब्यात भरत होती आणि पॉलिश पेपरचा आवाज तिथपर्यंत नीट ऐकू जात होता.

"मस्त," सर्वेश म्हणाला. त्यानं घड्याळ खोक्यात ठेवलं, खोका अनारशांच्या डब्याबरोबर पिशवीत टाकला. मनगटावर त्याचं काळं स्मार्टवॉच होतं, ते तसंच राहिलं. दोघं वाकून पाया पडली. चार वाजता गाडी निघाली, कारण त्यांना वाटेत वर्तकनगरला मित्राकडे जायचं होतं.

भांडी घासताना कलावतीनं पाठमोरंच विचारलं, "माझं आधी काढलंत की तुमचं?"

"तुझं आधी होतं," महिपत म्हणाला.

तिनं मान हलवली आणि पुढचं ताट घेतलं.

सोमवारी सकाळी मीराबाई भाजी घेऊन दुकानावरून निघाल्या होत्या. त्यांनी इकडे बघितलंसुद्धा नाही. महिपतनंच हाक मारली.

"ताई, ते ताट आणा."

"कुठलं?"

"नणंदेचं."

मीराबाई जवळच राहायच्या. गेल्या तशा ताट घेऊन आल्या. त्याचं मन बदलायच्या आत काम उरकावं म्हणून घाईनं आल्या असाव्यात. महिपतनं ताट मांडीवर पालथं घेतलं आणि घासायला लागला. ताटावरचं अक्षर त्याचंच होतं, फार तर दहा वर्षांपूर्वीचं. 'शालू'मधला ऊकार त्यानं तेव्हा थोडा लांबवला होता, तो जायला वेळ लागला.

मीराबाईंनी ताट उन्हात तिरकं धरून बघितलं. नावाची जागा बाकी ताटापेक्षा उजळ झाली होती.

"नवीन कुणाचं घालू?" त्यानं छिन्नी हातात घेत विचारलं.

"नको ओ," मीराबाई म्हणाल्या. "कोरंच बरं. कोणालाही देता येतं."

महिपतनं छिन्नी पुन्हा डब्यात ठेवली.