खिशात राहिलेल्या वस्तूंची ट्रंक

मित्रांनो, मी एक जुनी ट्रंक आहे. काळ्या पत्र्याची, कडी वाकडी झालेली. एका फौजी कुटुंबाची बदली झाली आणि त्यांनी मला भिंगारच्या जुन्या बाजारात विकून टाकलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण तिथं असा मान मिळाला, की मी फुशारून गेले.

हा बाजार दर रविवारी एका मोठ्या गोदामात भरायचा. स्वेटर, स्टोव्ह, पंखे, सगळं जुनं. चांगुणाबाई गावोगाव फिरून भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घ्यायची आणि इथं विकायची. कपड्यांच्या खिशांत, कपाटांच्या खणांत लोकांचं काहीबाही राहून जायचं. ते विकायचं नाही, माझ्यात ठेवायचं, असा बाजाराचा रिवाज होता. घ्यायला येणाऱ्यानं आधी वस्तू कशी आहे ते सांगायचं. खूण पटली, तरच चांगुणाबाई माझं झाकण उघडायची. कितीतरी किल्ल्या, ताईत, बाळाचे वाळे मी परत दिले.

एका रविवारी पाथर्डीकडून विमलबाई आली. ती ऊसतोडीला गेलेली असताना सुनेनं सासऱ्याचा सदरा पातेल्यावर देऊन टाकला होता. खिशात त्याचा फोटो होता. नवरा वारलेला आणि घरात दुसरा फोटो नव्हता.

"कसा दिसतो मानूस?" चांगुणाबाईनं विचारलं.

"डोकं पांढरं, गालफडं बसल्याली. म्होरचा एक दात न्हाई."

माझ्यात एकच फोटो होता. जत्रेत काढलेला, मिशीला पीळ दिलेल्या तरण्या पोराचा.

"तसा फोटो न्हाई, बाई."

विमलबाई पदरानं डोळे पुसत निघून गेली.

पुढं गोदाम पाडायचं ठरलं आणि चांगुणाबाईनं मला घरी नेलं. जागा करताना तिच्या सुनेच्या, रश्मीच्या हाती एक जुना फोटो लागला.

"आत्याबाई, ही नवरी कोन?"

"अगं, मीच की!" चांगुणाबाई हसली आणि हसता हसता तिनं माझ्यातला मिशीवाल्या पोराचा फोटो बाहेर काढला. "रश्मी, ह्यो फोटो त्या पाथर्डीच्या बाईच्या नवऱ्याचाच हुता गं, तरनेपनीचा! तिनं शेवटी बघितल्याला मानूस सांगितला. अन् म्या तिला रिकाम्या हातानं धाडली."

चांगुणाबाई पाथर्डीच्या स्टँडवर दोनदा जाऊन आली. पण गाव विचारायचं राहूनच गेलं होतं, आणि तो सदरा कुठून आणला तेही तिला आठवेना.

माझंही मन मला खातं. लोकांच्या वस्तू सांभाळते म्हणून मी मिरवायचे, आणि ती समोर रडत असताना झाकण मिटून बसले. मला कुठं उघडता येतं, हे खरं. पण त्यानं जिवाला बरं वाटत नाही.

आता गोदामाच्या जागी पत्रे ठोकलेत. दर रविवारी चांगुणाबाई मला त्या पत्र्यांशेजारी मांडते. झाकण सताड उघडं, फोटो सगळ्यात वर.

मित्रांनो, जुने कपडे देताना खिसे चाचपून बघत जा. आणि पाथर्डीकडं कुणी विमलबाई भेटली, तर तिला म्हणावं, रविवारी भिंगारला ये. या वेळी कुणी खूण विचारणार नाही.