रुंद पाट

“कोन हाय?” रुक्मिणीबाईंनी कपाळावर आडवा हात धरून दाराकडे पाहिलं.

“मामी, म्या बिभीषण.”

जावयाला ओळखायला एवढा वेळ लागावा! त्या ओशाळल्या. पाणी दिलं आणि आतून पाट आणून मांडला. धारूरच्या सुताराकडून बिभीषणसाठी मुद्दाम करून घेतलेला, दोन माणसं बसतील एवढा रुंद. लग्नानंतरच्या पहिल्याच धोंड्याच्या महिन्यात साधा पाट त्याच्याखाली मोडला होता आणि त्याची बायको सिंधू तोंडात पदर कोंबून हसली होती. आता तो बसला, तर दोन्ही बाजूंना लाकूड उरलं.

बिभीषण तेलगावकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. एकशे सेहेचाळीस किलोचा माणूस उसाच्या गाड्यांची वजनं करतो म्हटल्यावर ड्रायव्हर मंडळी थट्टा सोडतात होय! तोही हसायचा. खाण्यात मात्र त्याचा हात कुणी धरला नव्हता.

सिंधू जाऊन पाच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. लेकच उरली नाही तर जावयाला धोंडे कशाला खाऊ घालायचे, असं भावकीतले म्हणाले. पण गेल्या खेपेला, तीन वर्षांपूर्वी, रुक्मिणीबाईंनी त्याला बोलावलंच. त्याने अकरा धोंडे खाल्ले. दोघांना एकमेकांशी बोलायला फारसं काही सुचत नसे. त्या वाढत, तो खाई, आणि तेवढ्यावर नातं चाललं होतं.

मग रक्तातली साखर चारशेवर गेली, झोपेत श्वास अडकू लागला, आणि मागच्या भादव्यात पुण्याच्या एका दवाखान्यात त्याच्या पोटाचा मोठा भाग काढून टाकला. पंचावन्न किलो उतरले. वजन उतरेल, भूकही कमी होईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण भूक जाते म्हणजे काय होतं, हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं. आता तो घड्याळ पाहून जेवायचा. तव्यावरच्या भाकरीचा वास यायचा आणि आत काहीच हलायचं नाही. मामींना हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दिवाळीला फोनवर म्हणाला, कारखाना सुरू आहे. संक्रांतीलाही तेच. उन्हाळ्यात धोंड्याचा महिना लागला तेव्हा मात्र कारखाना बंद होता आणि सांगायला सबब उरली नव्हती.

ताट आलं. पुरणाचे उकडलेले धोंडे, वर तुपाची धार. आज काही झालं तरी एक पुरा खायचाच, असं तो रस्ताभर स्वतःला बजावत आला होता. अर्ध्यावरच कपाळाला घाम फुटला, छाती धडधडायला लागली. रुक्मिणीबाई दुसरा वाढायला वाकल्या, तसा त्याने ताटावर हात धरला.

“बास, मामी.”

त्या धोंडा हातात धरून तशाच बसल्या. मग म्हणाल्या, “खरं सांगा जावाईबापू. दुसरी केली का?”

“काय?”

“आंग उतरवलंय. वरीस होत आलं, उंबरा चढला न्हाईत. करा की. गड्यामानसानं एकटं कशाला ऱ्हावं? म्या आडवी येनार न्हाई. पर त्येच सांगायला आला असाल तर जेवून सांगा. असं ताट टाकून नातं तोडू नका.”

बिभीषणला भडभडून आलं. त्याने सदरा वर केला. लोंबणाऱ्या कातडीवर पाच बारीक व्रण होते.

“आपरेशन केलं, मामी. पोटच बारकं केलंय. दोन घासांत बास व्हतंय. भूकच लागत न्हाई आता.”

रुक्मिणीबाईंनी बोट व्रणाजवळ नेलं, पण लावलं नाही.

“येवढ्याशा भोकातनं भूक काढली?”

“व्हय.”

“मंग आता तुमी हिकडं कशाला याल?”

नऊ महिने तो स्वतःला हेच विचारत होता. त्याने उठून हात धुतले. चुलीशेजारी एक रिकामं ताट पालथं घातलेलं दिसलं.

“तुमी जेवलात?”

“जावाई उठल्याबिगर? सकाळधरनं पान्याचा घोट न्हाई.”

बिभीषणने ते ताट सुलटं केलं, त्यात धोंडे वाढले आणि पाटासमोर आणून ठेवलं. “बसा.”

“येडं का खुळं? जावायानं वाढायचं? मानसं काय म्हनतील?”

“म्हनू द्या. भूक लागलीय ना तुमाला?”

त्यांनी मान डोलावली. मग पाटाच्या एका कडेला अंग चोरून बसल्या. शेजारी आणखी एक बाई बसेल एवढी जागा होती.

“म्या येत जाईन,” तो म्हणाला. “वाढायला.”

रुक्मिणीबाईंनी डोळे पुसले आणि धोंडा मोडला. तीन घास झाल्यावर त्या थांबल्या. त्याने तुपाची वाटी उचलली आणि त्यांनी हात आडवा धरायच्या आत धार सोडली.